रिपोर्ट नॉर्मल, जीव मात्र थाऱ्यावर नाही

सत्तेचाळीस वर्षांची बाई. रात्री दोन-अडीचला दचकून जाग येते, छाती धडधडते, मानपाठ घामाने भिजते आणि आता काहीतरी वाईट घडणार अशी खात्रीच वाटू लागते. ती आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जाते, आणि ते बरोबरच आहे. ईसीजी होतो, टू-डी इको होतो, थायरॉइड बघितलं जातं. सगळं ठीक निघतं. डॉक्टर म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका." घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि पुढच्या वेळी जीव घाबरा झाला की "तुला काही झालेलं नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय" असं ऐकवतात. या सगळ्या फेरीत पाळी मागेपुढे होतेय का, हे बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं. विचारलं तरी पुढचं वाक्य ठरलेलं असतं: वयाचं आहे, होईल कमी.

रजोनिवृत्तीच्या काळातल्या चिंतेवर उपचार आहेत आणि ते एकाहून अधिक आहेत. त्यांतला कुठला घ्यायचा, की एकही घ्यायचा नाही, हे बाईने ठरवायचं असतं. त्यासाठी ते तिच्यापुढे नफ्या-तोट्याच्या आकड्यांसकट मांडले जायला हवेत. आपल्याकडे तिच्या वाट्याला येतं ते अंगावर काढणं, नाहीतर झोपेची गोळी, नाहीतर गर्भपिशवी काढून टाकण्याचा सल्ला. तिन्हींत तिला कुणी काही विचारलेलं नसतं. या गोष्टीला मी खासगी अडचण मानत नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही तिथेच शोधायला हवं.

आधी शरीरात काय चाललेलं असतं ते पाहू. पाळी शेवटची येऊन बारा महिने झाले की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, अमेरिका-युरोपात ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे त्याआधीची चढउताराची वर्षं चाळिशीच्या सुरुवातीलाच येऊन ठेपतात, आणि त्या वयात कुणाच्या ध्यानीमनी रजोनिवृत्ती नसते. या वर्षांत इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही. कधी उसळतं, कधी एकदम कोसळतं. बीज न सुटणाऱ्या पाळ्या वाढतात, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन त्याआधीच कमी पडू लागतं. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत जो एक घटक तयार होतो, तो मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. त्याची पातळी हलू लागली की काही बायकांना ते लगेच जाणवतं, काहींना अजिबात नाही. बाळंतपणानंतर ज्यांना उदासीने घेरलं होतं किंवा पाळीआधी ज्यांचा जीव नेहमीच कासावीस व्हायचा, त्यांना हा काळ जास्त जड जाण्याची शक्यता असते.

त्यात भर गरम झळांची. मेंदूतली तापमान सांभाळणारी यंत्रणा अतिहळवी होते, आणि जरासा उष्मा वाढला तरी शरीर घाम सोडून थंड व्हायला बघतं. अंगातून वाफा निघतात, काळीज धडधडतं. पॅनिक अटॅकचीही लक्षणं नेमकी हीच. मग झळ आली की भीती वाटते, भीती वाटली की झळ आणखी त्रास देते, रात्री झोप मोडते आणि मोडलेली झोप दुसऱ्या दिवशीची घालमेल वाढवते. अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या 'स्वान' नावाच्या मोठ्या अभ्यासात तीन हजारांहून अधिक बायकांना वर्षानुवर्षं तपासलं गेलं. त्यातून एक उलगडा झाला. ज्यांना पूर्वी चिंतेचा फारसा त्रास नव्हता, त्यांच्यातच या काळात चिंता वाढण्याची शक्यता ठळकपणे दिसली. ज्या आधीपासून चिंताग्रस्त होत्या, त्यांच्यात पाळी जाण्याने तसा ठळक फरक पडला नाही. "मी अशी कधीच नव्हते हो," असं सांगणारी बाई आपला इतिहास अगदी अचूक सांगत असते. डॉक्टरांनी ते वाक्य केसपेपरवर लिहून घ्यावं.

पण म्हणून सुरुवातीच्या तपासण्यांना मी वायफळ म्हणणार नाही. थायरॉइड वाढलेलं असलं, जास्त रक्तस्रावाने हिमोग्लोबिन खाली गेलेलं असलं, किंवा हृदयाची लय खरोखरच बिघडलेली असली तरी धडधड तशीच होते, आणि बायकांचा हृदयविकार उशिरा ओळखला जातो ही तक्रार जुनी आहे. माझा आक्षेप तपासण्या झाल्यावर विचारपूस थांबते, याला आहे. दुसऱ्या बाजूला, पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि लक्षणं स्पष्ट असलेल्या बाईला निदानासाठी हार्मोनच्या महागड्या रक्ततपासण्यांची सहसा गरज नसते. पातळी आज एक, पुढच्या आठवड्यात दुसरीच. तरी पॅकेज विकली जातात.

मग येते झोपेची गोळी. त्यासाठी सर्रास घेतलं जाणारं अल्प्राझोलाम हे औषध, औषध नियमांतल्या शेड्यूल एच-१ या यादीत आहे. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही, आणि दुकानदाराने त्याची वेगळी नोंद तीन वर्षं जपून ठेवायची असते. प्रत्यक्षात जुनी चिठ्ठी, ओळखीचा मेडिकलवाला आणि "तीच पट्टी द्या" एवढ्यावर हे औषध अनेक घरांत पोचतं. पहिल्याच रात्री गुण येतो, आणि खरी मेख तिथेच आहे. काही आठवड्यांत शरीराला त्याची सवय लागते, अचानक बंद केलं तर चिंता दुपटीने उसळते, आणि मग बाईला वाटतं की आपला आजारच वाढलाय. शिवाय या गोळ्यांनी तोल जातो, पडण्याचा धोका वाढतो. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत हाडं झपाट्याने ठिसूळ होत असतात, हे लक्षात घेतलं तर या वयात अशी गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवणं किती चुकीचं आहे ते कळेल. अगदी अडीनडीला, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली तिचा उपयोग असू शकतो. आणि जी आधीच रोज घेते आहे, तिने हे वाचून आज रात्रीपासून ती थांबवू नये. ती हळूहळू, डॉक्टरांच्या मदतीनेच उतरवायची असते.

इस्ट्रोजेनसारखं हार्मोन औषध म्हणून घ्यायचं नाव काढलं की बहुतेक घरांत एकच शब्द उच्चारला जातो: कॅन्सर. ही भीती हवेतून आलेली नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत दिसून आलं की गर्भपिशवी असलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर पिशवीच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. तेव्हापासून अशा बायकांना सोबत प्रोजेस्टेरॉन जातीचं औषध दिलं जातं. मग जुलै २००२ मध्ये 'वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड अभ्यासाचा एक भाग, ज्यात ही दोन्ही औषधं एकत्र दिली जात होती, मुदतीआधीच थांबवला गेला आणि जगभर मथळे झळकले: हार्मोनमुळे स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो. तो आकडा खोटा नव्हता. पण बाईला हवा असलेला आकडा दुसरा होता. दहा हजार बायकांनी वर्षभर ते औषध घेतलं तर स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण तीसऐवजी अडतीस, म्हणजे आठ जास्त. पक्षाघाताच्याही आठ जास्त, फुप्फुसात गुठळी अडकण्याच्या आठ जास्त. उलट खुब्याच्या हाडाचे फ्रॅक्चर पाच कमी, मोठ्या आतड्याचे कर्करोग सहा कमी. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि अभ्यास मुख्यतः हार्मोनने हृदयविकार टळतो का हे पाहण्यासाठी होता. गरम झळा आणि घालमेलीने हैराण झालेली अठ्ठेचाळीस वर्षांची बाई त्या अभ्यासाच्या मध्यभागी नव्हतीच. औषधही तोंडावाटे घ्यायची जुन्या प्रकारची गोळी होतं. आज त्वचेवर लावायची जेल आणि पट्ट्या आहेत, आणि नेहमीच्या मात्रेत त्यांनी गुठळीचा धोका वाढत असल्याचं दिसलेलं नाही.

याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ज्यांची गर्भपिशवी आधीच काढलेली होती, त्यांना फक्त इस्ट्रोजेन दिलं होतं. २००४ मध्ये पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसल्याने तोही भाग थांबवला. पण त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे बीडच्या ऊसतोड कामगार बायकांकडे जाताना तो लागेल.

आता लंबक उलट्या दिशेला झुकलाय. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हार्मोनच्या खोक्यांवरचे बरेचसे ठळक इशारे काढण्याचं जाहीर केलं, आणि इन्स्टाग्रामवर पन्नाशीतल्या चकचकीत बायका हार्मोनला संजीवनी ठरवू लागल्या. माझा या उत्साहावरही विश्वास नाही. रात्रीचा घाम आणि गरम झळा यांवर इस्ट्रोजेनइतकं प्रभावी औषध आज दुसरं नाही, आणि त्या थांबल्या की झोप सुधारते, झोपेबरोबर पुष्कळदा चिंताही उतरते. पाळी मागेपुढे होण्याच्या काळातल्या उदासीवर त्याचा उपयोग होतो याला काही आधार आहे. पण झळा नाहीत, झोप ठीक आहे, आणि तरी घराबाहेर पडायला भीती वाटते, अशा बाईला केवळ चिंतेसाठी हार्मोन द्यावं इतका भक्कम पुरावा नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला, पूर्वी रक्तात गुठळी झालेली, यकृताचा आजार असलेला, कारण न कळलेला रक्तस्राव चालू असलेला, अशा परिस्थितीत सर्वसाधारणपणे हार्मोन टाळतात. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांत फायद्याचं पारडं जड असतं. एवढं समजावून सांगायला ओपीडीत दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं कुठून आणायची हा प्रश्न खरा आहे, पण मथळ्यांना घाबरून किंवा भुलून त्याचं उत्तर मिळत नाही.

मनाच्या औषधांबद्दलही अशीच गल्लत होते. एसएसआरआय गटातली, म्हणजे नैराश्यावर नेहमी दिली जाणारी औषधं खऱ्या चिंताविकारावर आणि पॅनिकवर उत्तम चालतात, त्यांतल्या काहींनी झळाही कमी होतात. गुण यायला काही आठवडे लागतात, पहिल्या दिवसांत घालमेल थोडी वाढू शकते, आणि हे आधी न सांगितल्यामुळे कितीतरी जणी चौथ्या दिवशी गोळ्या कचऱ्यात टाकतात. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला याच गटातलं पॅरोक्सेटिन द्यायचं नसतं, कारण ते टॅमॉक्सिफेनचं काम अडवतं. तिच्यासाठी दुसरी औषधं आहेत. मात्र नैराश्याचं निदान झालेलं नसताना, नुसतं मन खट्टू आहे म्हणून रजोनिवृत्तीतल्या बाईला ही औषधं द्यावीत याला स्पष्ट पुरावा नाही, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१५ मध्येच सांगितलं. तरी आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञ "सायकियाट्रिस्टना दाखवा" म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञ "हार्मोनचं गायनॅकना विचारा" म्हणतात, आणि बाई दोन्ही फायली पिशवीत घालून दुकानातून अश्वगंधेची बाटली घेऊन येते. अश्वगंधेवरही माझा राग नाही. पण तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडवर तिचा परिणाम होतो, आणि ती चालू आहे हे डॉक्टरांना कुणी सांगत नाही.

ज्या उपचाराची आपल्याकडे सर्वांत कमी चर्चा होते, तो बोलण्याचा आहे: कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, सोप्या भाषेत सीबीटी. झळ आली की "सगळे माझ्याकडे बघताहेत, मी आता कोसळणार" हा विचार पकडायचा, तपासायचा, श्वास संथ करायचा, झोपेची घडी बसवायची. लंडनमध्ये २०१२ साली झालेल्या 'मेनॉस-२' या चाचणीत १४० बायका होत्या. काहींना गटात बसवून हे शिकवलं, काहींना फक्त पुस्तिका देऊन घरी करायला सांगितलं. झळांची संख्या तेवढी उतरली नाही, पण त्यांचा जाच दोन्ही गटांत कमी झाला, आणि पुस्तिकेवाल्या बायका मागे राहिल्या नाहीत. महाराष्ट्राच्या दृष्टीने मला ही बातमी कुठल्याही नव्या गोळीपेक्षा मोठी वाटते. चांगली मराठी पुस्तिका आणि बचत गटाची बैठक, एवढं तर आपल्याकडे गावोगावी शक्य आहे.

आणि हे आपल्या मातीत चालतं का, याचंही उत्तर शेजारी गोव्यात मिळालेलं आहे. 'संगाथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने तिथे केलेल्या 'मानस' चाचणीत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंता असलेल्या रुग्णांना प्राथमिक उपचारकेंद्रांतच मदत केली. निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. सरकारी आरोग्य केंद्रांत बरं होणाऱ्यांचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. सरकारी केंद्र म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

आपल्याकडे यंत्रणाही आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात. त्यात रक्तदाब-मधुमेहाच्या जोखमीचे प्रश्न असतात, बायकांसाठी स्तनातल्या गाठीचा आणि पाळी गेल्यावर होणाऱ्या रक्तस्रावाचा प्रश्न असतो, मनाच्या उदासीबद्दलचेही दोन प्रश्न आहेत. तिथेच पंचेचाळिशीच्या आसपासच्या बायकांसाठी झळा, झोप आणि चिंता यांबद्दलचे प्रश्न घालावेत आणि "हो" म्हणणारीसाठी पुढचा रस्ता लिहून ठेवावा. पण आशाताईंना हे काम वाढीव मानधनाशिवाय देऊ नये. त्यांच्या झोळीत आधीच बरंच काही कोंबलेलं आहे. तोवर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

"आमच्या आज्यांनी कुठे घेतली होती औषधं?" हा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. आज्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण त्याचीच एक शहाणी आवृत्ती आहे, आणि तिच्याशी मी बरीचशी सहमत आहे. ती म्हणते, निसर्गक्रमाला आजार ठरवून त्याचा बाजार मांडू नका. पाळी जाणं हा आजार नाहीच, आणि पुष्कळ बायकांना पाळीची कटकट संपल्याचा आनंदच होतो. शिवाय या वयातली सगळी चिंता हार्मोनची नसते. मुलाची बारावी, सासऱ्यांची पडलेली तब्येत, नवऱ्याची गेलेली नोकरी, घरातला मार, यांवर कुठलीही जेल चोळून उपयोग नाही. म्हणून तर निवड हवी, एकच साचा नको. जिला औषध नको तिला ते घ्यायला लावू नये, आणि जिला हवं तिला "सहन कर" म्हणू नये.

निवड हिरावून घेण्याचा सर्वांत क्रूर प्रकार मात्र आपल्याच राज्यात, बीड जिल्ह्यात घडला. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून जाते. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि कामावर खाडा पडला की दंड. पाळीत अंगावरून जास्त जातंय, ओटीपोटात दुखतंय, अशी तक्रार घेऊन गेलेल्या तिशीतल्या, काही तर विशीतल्या बायकांना पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. कॅन्सरची भीतीही काहींना घातली गेली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, १५ ते ४९ वयोगटात, देशाचं प्रमाण ३.३ टक्के होतं. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सगळ्या राज्यांना सांगितलं.

हे सगळं पुढच्या बायकांसाठी झालं. ज्यांची पिशवी आधीच गेली, त्यांचं काय? पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी कोसळतं. शरीराला सवय व्हायला जी चार-सहा वर्षं मिळतात, ती मिळतच नाहीत. पस्तिसाव्या वर्षी हाडं झिजू लागतात, हृदयाचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात, पाळी जाण्याआधीच दोन्ही बीजांडकोश काढलेल्या बायकांत पुढच्या आयुष्यात चिंता आणि नैराश्य जास्त आढळलं. आणि बीजांडकोश राखले असले तरी ते काही वर्षं आधीच थकू शकतात. पाळीच नसल्यामुळे ते कधी थकले हे तिला कळण्याची खूणही उरत नाही. तिला फक्त जीव घाबरा होतो, आणि फडात काम करता करता ती खाली बसते.

अशा बायकांसाठी वैद्यकीय सल्ला बऱ्यापैकी स्पष्ट आहे: बीजांडकोश लवकर गेले असतील आणि दुसरी काही मनाई नसेल, तर निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं. पिशवी नसल्याने बहुतेकींना नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. ज्या कॅन्सरच्या भीतीने शहरातली बाई हार्मोन नाकारते, त्या भीतीला यांच्या बाबतीत सर्वांत कमी आधार आहे, आणि औषध पोचत नाही ते नेमकं यांच्यापर्यंतच.

गाळप संपलं की एप्रिल-मेमध्ये टोळ्या गावी परततात. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राने या बायकांना बोलावून घ्यावं. डिस्चार्ज कार्ड असेल तर बघावं, नसेल तर सोनोग्राफी आणि एका रक्ततपासणीवरून बीजांडकोशांचा बराच अंदाज येतो. हाडांची तपासणी व्हावी, झोपेची आणि जीव घाबरण्याची चौकशी व्हावी, आणि जिला हवं आहे तिला इस्ट्रोजेन त्याच केंद्रातून मिळावं, पुढच्या हंगामाला जाताना सहा महिन्यांचं सोबत द्यावं. पैसे कुठून, असं कुणी विचारेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं कल्याण महामंडळ आहे, आणि त्यासाठी गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखान्यांनी पैसे द्यायचे, सरकारने तेवढीच भर घालायची असं ठरलेलं आहे. हा खर्च त्यातून व्हावा. त्या टनांत खाडा पडू नये म्हणूनच तर या बायकांनी पिशवी काढून घेतली होती.